वरची चिमूट

माझ्या प्रबंधात एका चित्राची जागा रिकामी होती. बाकी सगळं तयार होतं: प्रस्तावना, संदर्भ, पुण्यात असताना सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या पेशींचे तक्ते, अगदी आभारसुद्धा. पण समितीने शेवटच्या बैठकीत नेमकं त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. हे एवढं दाखवा आणि सादर करा, म्हणाले. मार्चअखेर माझी नोंदणी संपत होती. दोनदा मुदत वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढत नाही. चित्र झालं तर आठ वर्षांचं काम पदरात पडणार, नाहीतर सगळं बांधून माळ्यावर.

आठांतली पहिली पाच वर्षं पुण्यात गेली. मग आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि मी एकुलती एक म्हणून धानोऱ्याला परत आले. तळोद्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले. आठवडाभर तळोद्यात भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी दुपारी तापीचा पूल ओलांडून घरी यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. आप्पांचा उजवा हात हळूहळू ताळ्यावर आला, पण पुरता नाही. ते चालतात, बोलतात, शेजाऱ्याशी बांधावरून भांडतात. शर्टाची बटणं मात्र आई लावते.

गावात त्यांनी आठ वर्षं एकच पालुपद लावलं होतं, "मन्ही पोर डॉक्टर व्हई ऱ्हायनी." आता लोक मला गुडघेदुखीवर औषध विचारत. मी तसली डॉक्टर नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं होतं. सांगितलं की आप्पा म्हणत, व्हई तर जाऊ दे आधी, मंग सांगजो.

माझं काम एका यीस्टवर होतं. पावाचं यीस्ट नव्हे. पावाच्या यीस्टला कोंब फुटावा तशी बाजूला छोटी पेशी फुटते आणि तुटून वेगळी होते. माझं यीस्ट लांबट, औषधाच्या कॅप्सूलसारखं. ते मधोमध भिंत घालतं आणि त्याचे दोन सारखे भाग होतात, भावाभावांत घराची वाटणी व्हावी तसे, फक्त इथे आरडाओरडा नाही. आफ्रिकेत बाजरीसारख्या धान्याची बियर करतात, तिच्यात हे पहिल्यांदा सापडलं. तळोद्याच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा त्याचा फ्लास्क उघडला तेव्हा आमच्या लॅबचे शिपाई नाक वर करून म्हणाले, "मॅडम, हे तर मोहाच्या दारूच्या माठासारखं आंबलंय." ते सातपुड्यातल्या काठी गावाकडच्या डोंगरातले, पन्नाशी ओलांडलेले. सगळं कॉलेज त्यांना दादा म्हणतं. माझ्या आठ वर्षांच्या कामाला कोणी इतक्या चटकन ओळखलं नव्हतं.

वाटणीआधी पेशी आपल्या गुणसूत्रांची एकेक प्रत काढते. ह्या यीस्टला तीनच गुणसूत्रं. मग दोन टोकांकडून बारीक दोऱ्या येतात, प्रत्येक जोडीला पकडतात आणि एक प्रत इकडे, एक तिकडे ओढून नेतात. दोरी जिथे पकडते त्याच्या आजूबाजूची जागा घट्ट बांधलेली लागते. ती सैल असली की गुणसूत्र मध्येच रेंगाळतं, आणि कुणाच्या वाट्याला जास्त जातं, कुणाच्या कमी.

जागा घट्ट बांधायची तर तिथला डीएनएचा मजकूर गप्प ठेवावा लागतो. पूर्वी सगळ्यांना वाटायचं की तो मुळातच मुका आहे. मग कळलं की पेशी तो अधूनमधून थोडा वाचते. वाचून जो आरएनए तयार होतो त्याचे एक कात्रीसारखं प्रथिन बारीक तुकडे करतं. ते तुकडे दुसऱ्या एका प्रथिनाच्या हाती लागून पुन्हा त्याच जागेवर जातात आणि सांगतात, इथे बांधा, इथे गप्प बसा. ह्याला आरएनए इंटरफेरन्स म्हणतात. मराठीत हस्तक्षेप म्हणता येईल, पण त्या शब्दाला कचेरीचा वास येतो. गप्प बसवण्यासाठी आधी थोडं बोलावं लागतं, हे मला पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी एकटीच हसले होते. आप्पा आणि आई दिवसभरात फार तर चार शब्द बोलतात. पण ज्या दिवशी ते चार शब्द होत नाहीत, त्या दिवशी घरात भांडी आपटतात.

ही कात्री काढून टाकली तर काय होतं, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न. उत्तर जरा चिडवणारं आहे. यीस्ट मरत नाही. ते वाढतं, विभागतं, वरवर बघणाऱ्याला काही कळत नाही. पावाच्या यीस्टने तर ही कात्री फार पूर्वीच टाकून दिली, त्याचं दुसऱ्या पद्धतीने भागतं. माझ्या यीस्टचं पुरतं भागत नाही, काही पेशींमध्ये गुणसूत्र रेंगाळतं. ते मी पुण्यात डोळे फुटेस्तोवर बसून मोजलं होतं. समितीला आता ते उघड्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं. त्याची रीत ठरलेली आहे. प्लेटमध्ये दोऱ्या ढिल्या करणारं औषध थोडंसं घालायचं. वरच्या ओळीत धडधाकट यीस्टचे ठिपके द्यायचे, खालच्या ओळीत बिनकात्रीच्या यीस्टचे. चार दिवसांनी वरची ओळ उगवलेली दिसते, खालची जवळजवळ पुसलेली. सगळी कमाल त्या 'थोडंसं'मध्ये आहे. औषध कमी पडलं तर दोघं जगतात, जास्त झालं तर दोघं मरतात.

त्या औषधाचं नाव कार्बेन्डाझिम. हे नाव आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला माझ्याआधी माहीत. भुईमुगाच्या बियाण्याला पेरणीआधी चोळतात ती बुरशीनाशक पावडर हीच. बुरशीच्या पेशीतल्या ह्याच दोऱ्या ती सोडवते, म्हणून बुरशी वाढत नाही. पुण्यात पहिल्यांदा बाटलीवर ते नाव वाचलं तेव्हा मला धानोऱ्याच्या पडवीचा वास आला होता. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मंग पुनाले कसाले गयी? हाई ते आपला घरम्हाच शे."

दुकानातल्या पाकिटात औषधाबरोबर दुसरी भुकटीही असते, ती प्रयोगाला चालत नाही. म्हणून पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी शुद्ध औषधाची एक इवलीशी कुपी कुरियरने पाठवली. चार-पाचदा द्रावण करता येईल, इतकीच. नवी मागवायची तर खरेदी समिती, तीन कोटेशनं, सह्या. तोवर मार्च उलटून गेला असता.

पहिला प्रयत्न डिसेंबरात केला. चार दिवसांनी उबवणपेटी उघडली. बिनऔषधाच्या प्लेटवर दोन्ही ओळी छान उगवल्या होत्या. औषधाची प्लेट धुतल्यासारखी कोरी. खालची ओळही नाही, वरचीही नाही.

सरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "डोस जास्त झालाय."

"सर, मी स्वतः वजन केलंय."

"तरी पण बघ."

माझा राग नाकावर असतो, तो तिथून जिभेवर यायला वेळ लागत नाही. पाच मिलिग्रॅम म्हणजे पाच मिलिग्रॅम, वहीत लिहिलंय, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. सर शांत माणूस. बरं, म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचं ते 'बरं' मला आणखीच झोंबलं.

मग मी सगळ्या जगावर संशय घेतला. पाण्यावर घेतला, प्लेटमधल्या अगारच्या थरावर घेतला. वीज गेली तेव्हा पेटी थंड पडली असेल म्हणून वीज मंडळावर घेतला. नंदुरबारहून येताना वाटेत वाळत घातलेली मिरची असते, सबंध हंगामभर हवेत तिचा ठसका. ती माझ्या कपड्यांवरून लॅबमध्ये आली असेल, असंही एक दिवस डोक्यात आलं. स्वतःचा हात सोडून मी काही बाकी ठेवलं नाही. शेवटी गाडी येऊन थांबली ती दादांवर.

जानेवारीत दुसऱ्या प्रयत्नाची प्लेटही कोरी निघाली तेव्हा दुसऱ्या वर्षाची मुलं प्रात्यक्षिकाला उभी होती. मी त्यांच्यासमोरच विचारलं, "दादा, फ्लास्क नीट धुता ना? साबण राहतो त्यात."

"धुतले मॅडम."

"धुतले म्हणजे कसे धुतले? नळाखाली धरले की झालं, असं नसतं."

मुलं गेल्यावर त्यांनी कपाटातली सगळी काच बाहेर काढली आणि एकेक नग तीन-तीनदा ऊर्ध्वपातित पाण्याने खंगाळून वर्तमानपत्रावर उपडा मांडला. संध्याकाळपर्यंत ते काम चाललं. मी माझ्या टेबलापाशी बसून ते बघत होते आणि मनात म्हणत होते, बघा, आता कसं. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. वास कसला येतोय, यीस्ट आज किती चढलं, हे विचारणं बंद झालं. मला ते जाणवत होतं, पण मी बरोबर आहे अशी खात्री असली की माणूस जाणवलेलंही बाजूला सारतो. कुपीत आता कसंबसं एका द्रावणापुरतं औषध उरलं होतं, आणि हात लावायची माझी हिंमत होत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी घरी गेले तर पडवीत गोणपाट अंथरलेलं. उन्हाळी भुईमुगाची पेरणी खोळंबली होती. दाणे काढून तयार होते, पावडरचं पाकीट होतं, आप्पांचा लहान तराजू होता. बीज चोळणं हे आमच्या घरात आप्पांचंच काम. झटक्यानंतरची दोन वर्षं त्यांनी हट्टाने डाव्या हाताने केलं आणि निम्मी पावडर गोणपाटाबाहेर सांडली. यंदा ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तू कर. मी सांगस."

मी पिशवीतून कॉलेजचे हातमोजे काढले. ते हसायला लागले. "जनम गया मन्हा, मी कधी मोजा घाल्यात नहीत."

"म्हनीसन घालस," मी म्हटलं.

"पाकीटवर लिखेल शे तितलंच घे."

मी एका पारड्यात वजन ठेवलं, दुसऱ्यात कागद, आणि कागदावर पावडर सोडत गेले. काटा डुलत डुलत मध्यावर येऊन थांबला. मी कागद उचलला, दाण्यांवर पावडर भुरभुरली, पाकीट बंद करायला घेतलं आणि बंद करण्याआधी त्यात दोन बोटं घालून एक चिमूट काढून वरून टाकली.

आप्पांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. मग ते मोठ्याने हसले. "मी सांगाना पहिलेच टाकी दिधं! हाऊ हात तुन्हा नही, मन्हा शे."

मी दोन्ही हात दाण्यांत तसेच ठेवून बसले. "आप्पा, मी आते काय कयं?"

"काय कयं? वरतून चिमटी टाकी. आखो काय?"

"पन कसाले?"

"कसाले म्हणजे? थोडं उडी जास, थोडं गोणपाटले चिकटस. आनि दुकानवालानी बी काय चोख दिधं व्हई? वरतून टाकनं पडस."

आमच्या सबंध गावाची ही रीत आहे. काटा मध्यावर आला की हात थांबवणारा माणूस आमच्याकडे चिकट समजतात. दूध मापून झालं की वर धार. धान्य मोजून झालं की वर ओंजळ. आई पाहुण्यांना वाढते तेव्हा पुरे म्हटल्यावरची पळी हीच खरी, आधीच्या सगळ्या नुसता हिशेब. मी ह्या घरात वाढले. कोणी मला हे शिकवलं नाही आणि मीही शिकले नाही, ते हातात उतरलं.

मग मला लॅबमधला माझा हात दिसला. अगदी स्वच्छ दिसला. कॉलेजच्या काट्यावर आकडा पाचवर येऊन ठरतो. मी वही ओढते, पाच लिहिते. आणि स्पॅच्युला, म्हणजे भुकटी काढायचा चपटा चमचा, खाली ठेवण्याआधी त्याच्या टोकावर बोटाने एक हलकी टिचकी मारते. दाण्यांच्या घमेल्यात एक चिमूट कुठल्या कुठे जाते. पण पाच मिलिग्रॅम म्हणजे दिसेल न दिसेल इतकी भुकटी, तिच्यावर एक टिचकी पडली की औषध दुप्पट झालं असेल. डिसेंबरात मारली, जानेवारीत मारली. दोन्ही वेळा वहीत पाचच. कुपी इतक्या लवकर का संपत आली, तेही आता कळलं.

मला आधी हसू आलं, मग लगेच रडू आलं. सरांवर चढवलेला आवाज आठवला, आणि वर्तमानपत्रावर उपडे मांडलेले ते फ्लास्क आठवले. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आप्पांना मी सगळं सांगितलं, आणि आता एकदाच पुरेल इतकं औषध उरलंय हेही सांगितलं.

"मंग ते काम एकली करू नको," ते म्हणाले. "कोनले तरी बाजूले उभं ठेव. हाऊ हात आयकाना नही."

सोमवारी सकाळी मी गाडीतून उतरून थेट लॅबमध्ये गेले. दादा खिडकीखाली जमिनीवर बसले होते, स्टूल शेजारी रिकामं. होळी दहाबारा दिवसांवर आली होती आणि त्यांनी पाळणी धरली होती. आमच्या भागातल्या डोंगरात होळीआधी नवस बोललेले लोक ही पाळणी धरतात. खाटेवर, खुर्चीवर बसायचं नाही, उपास धरायचा, आपलं अन्न आपण रांधायचं, बाईला शिवायचं नाही, असे नियम असतात.

मीही समोर जमिनीवर बसले. "दादा, फ्लास्क स्वच्छच होते. चूक माझी होती. मी मुलांसमोर तुम्हाला बोलले, ते फार वाईट केलं."

"माहीत होतं मॅडम," ते म्हणाले. "फ्लास्क मी धुतलेले, मला माहीत नसणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे. तुम्ही सांगितलं."

मी त्यांना चिमटीची सगळी गोष्ट सांगितली. ते माझ्याकडे बघून हसले, गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच. तुमच्या खालच्या, सपाटीवरच्या लोकांचं असंच, म्हणाले. मग मी विचारलं, पाळणी अवघड जाते का. त्यांनी विचार केला.

"उपास अवघड नाही. आम्हाला सवय आहे. पण हात आपोआप जातो ना, तो परत आणायचा, ते अवघड. खाट दिसली की बूड आपलं तिकडेच जातं. पहिले दोन दिवस मी दहादा बसता बसता उठलो."

"मग आज माझ्याकडेही बघा," मी म्हटलं. "मी वजन करते. तुम्ही आकडा वाचा, आणि थांबा म्हणा."

काट्याची काच लावली, पंखा बंद केला. कुपी उघडून तिरपी केली. आत तळाशी जी भुकटी होती ती माझी शेवटची. दादा माझ्या उजव्या बाजूला, दोन हात अंतर राखून उभे राहिले आणि वर्गात हजेरी घ्यावी तसे मोठ्याने आकडे वाचू लागले. दोन. तीन. साडेतीन. चार पॉइंट सहा. मी श्वास धरला होता.

"पाच. थांबा."

स्पॅच्युला हवेत होता आणि त्याच्या टोकाला पांढरी धूळ होती. माझं तर्जनीचं बोट वर उचललेलं मी पाहिलं. देवाशपथ सांगते, त्या बोटाला खाज सुटल्यासारखं झालं होतं. दादा पुन्हा म्हणाले, "थांबा मॅडम," आणि त्यांनी खालून स्टीलचा ट्रे पुढे केला. मी स्पॅच्युला त्यात ठेवून दिला.

चार दिवस मी उबवणपेटीच्या आसपास फिरकले नाही. शिकवलं, पेपर तपासले, दुपारच्या चहाला कँटीनमध्ये जाऊन बसले. शुक्रवारी सकाळी पेटी उघडायची वेळ आली तेव्हा माझ्याच्याने उघडवेना. मी दादांना उघडायला सांगितली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. सातपुड्याच्या पहिल्या टेकड्या त्या खिडकीतून दिसतात. मी त्यांच्याकडे बघत होते, पण काही दिसत नव्हतं.

पेटीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"वर आहेत," दादा म्हणाले. "खाली नाहीत."

मी वळून पाहिलं. वरच्या ओळीत मलईच्या रंगाचे पाच ठिपके, डावीकडून उजवीकडे विरळ होत गेलेले. खालच्या ओळीत पहिल्या जागी एक फिकट सावली आणि पुढे काहीच नाही. मी आनंदाच्या भरात दादांचा हात धरायला हात पुढे केला. मग पाळणी आठवली आणि तो वाटेतूनच परत घेतला. दादांनी ते पाहिलं आणि मान डोलावली.

सरांना फोटो पाठवला. छान, म्हणाले, डोस बरोबर आला म्हणजे. मी, हो सर, तुमचंच बरोबर होतं, एवढंच म्हणाले. प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात मी एक वाक्य घातलं होतं, की वजन करताना आकडा दुसऱ्या व्यक्तीने वाचला. सरांनी ते काढून टाकलं. असं कोणी लिहीत नाही, म्हणाले. मग मी दादांना आभारात घातलं, मार्गदर्शकांच्या लगेच खाली. प्रबंध मुदतीच्या आत सादर झाला.

पण त्याआधीच्या शनिवारी मी ती प्लेट नीट टेप लावून डब्यात घालून धानोऱ्याला नेली. लॅबबाहेर असं काही नेऊ नये, हे मी मुलांना शिकवते. तरी नेली. आप्पा पडवीत त्याच खुर्चीवर बसले होते. मी प्लेट उजेडाकडे धरली. त्यांनी चष्मा लावला, डोकं मागेपुढे केलं.

"वरना चांगला शेत," ते म्हणाले. "खालना मरी गयात का?"

"त्यासम्हा ती कात्री नही शे, आप्पा. औषध सोसता उनं नही."

"नही दिधं असतं ते?"

"मंग दोन्ही सारखाच दिखतात."

"मंग बिचारासले दिधं कसाले?"

"समजाले पाहिजे म्हनीसन."

मला वाटलं, आता भुईमुगाचं बोलतील. पहिलं पाणी देऊन झालं होतं आणि रोपं वर आली होती. पण ते म्हणाले, "माले बी डॉक्टरनी असंच कयं व्हतं." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "म्हने, दोन्ही हात समोर धरा आनि डोया मिटा."

आणि त्यांनी तसं करून दाखवलं. दोन्ही हात खांद्याच्या पातळीला समोर धरले, तळवे वर, आणि डोळे मिटले. क्षणभर दोन्ही सारखे होते. एरवी जेवताना, काठी धरताना, माझ्या डोक्यावर ठेवताना मला त्या हातांत काही फरक दिसत नसे. दिसत नाही असं मी ठरवलं होतं. मग उजवा हात हळूच वळला आणि खाली यायला लागला. बोटभर, मग चार बोटं, मग वीतभर. आप्पांचा चेहरा शांत होता. डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना वाटत होतं, दोन्ही वर आहेत. माझ्या मांडीवर प्लेट होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"सारखा शेत का?" त्यांनी विचारलं.

मी प्लेट खाली ठेवली. पुढे सरकून माझा तळवा त्यांच्या उजव्या हाताखाली घातला आणि तो उचलून डाव्याच्या बरोबरीला आणला. त्याचं वजन माझ्या अंदाजापेक्षा जास्त होतं.

"सारखा शेत," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हाताखाली माझा हात त्यांना लागलाच होता. ते हसले.

"हाई वरतून शे."

मी हो म्हटलं, आणि हात काढला नाही.